तारवाल्याचं चित्र

चाचा,

मी पन्नाशी ओलांडली आणि अजून एकटीच आहे, हे आधीच सांगून टाकते. भेटला असतात तर तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं, आणि विचारताना माझ्याकडं बघायचं टाळलं असतं. एकटी आहे म्हणजे हाल आहेत असं नाही. माजलगावातच, शाळेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत. त्यातल्या एकीत उत्तरेचा उजेड चांगला येतो, म्हणून ती चित्रांच्या सामानाला दिली आणि मी आपली स्वयंपाकघराच्या कडेला कॉट टाकून झोपते. आई होती तोवर म्हणायची, "रंगाच्या बाटल्यांला खोली, अन् माणसाला कोपरा." शाळेत चित्रकला शिकवते. रविवारी सकाळी स्कूटीवर धरणाकडं जाते, पाणी मागं हटलेलं असलं की गाळाच्या कडेला बसते आणि दुपारपर्यंत काहीतरी काढत राहते. परत येताना डोक्यात ऊन असतं आणि मन शांत असतं. माझ्या आयुष्यातला चांगला भाग कोणता असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

तुम्हाला हसू येईल, पण अजूनही दर महिना-पंधरा दिवसांनी मी कशाच्या तरी प्रेमात पडते. मध्यंतरी एक मोसंबीवाला होता. फळ उचललं की अंगठ्यानं त्याच्या देठाकडं हलकंच दाबून बघायचा, जसं कुणी झोपलेल्या लेकराचा ताप बघावा. मी चार दिवस नको असताना मोसंबी आणली. मग उसाची मोळी बांधणारी एक बाई दिसली, गुडघा टेकवून एका हिसक्यात गाठ मारणारी. तिच्या पाठीच्या रेषेनं मला पंधरा दिवस दुसरं काही सुचू दिलं नाही. वहीत नीट उतरलं की माझ्यावरचा अंमल उतरतो. लोक प्रेम एका बाजूला ठेवतात आणि कला दुसऱ्या बाजूला. मला दोन्हींची सुरुवात एकसारखीच वाटते. एखाद्या गोष्टीकडं माणूस गरजेपेक्षा जास्त वेळ बघायला लागतो, तिथून. पुढं वाटा फुटतात. एक वाट म्हणते, हे घरी आणू. दुसरी म्हणते, हे काढू. माझी पावलं कायम दुसऱ्या वाटेला लागली. त्याचं एक कारण तुम्ही स्वतःला समजत होतात, म्हणून हे लिहायला बसले.

तुमचं पाट्या रंगवायचं दुकान मोंढ्याच्या तोंडाशी. आमचे अण्णा बाजार समितीत कारकून, आडत दुकानदारांच्या पाट्या तुमच्याकडंच व्हायच्या, त्या ओळखीवर मी कॉलेज सुटलं की तुमच्याकडं येऊन बसायची. अण्णांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "हिला बसू द्या हो, घरी भिंती खराब करायलीय." खडूची भुकटी लावलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा, मधे चिमटीत उचलून सोडायचा, की पत्र्यावर सरळ रेघ उमटते. ती रेघ उमटताना होणारा आवाज मला अजून ऐकू येतो. तुमचा हात मऊ होता आणि जीभ कडक. "हा 'क' कावून वाकलाय? कंबर धरली काय त्याची?" "अक्षर उभं पाहिजे बेटी, हे तर बसलंय." मी रडकुंडीला यायची, मग मागच्या स्वयंपाकघरातून चाची ओरडायच्या, "खाऊ तरी द्या की पोरीला! ये गं, आधी खा, मग त्यांचं ऐक." चुलीजवळ बसून ज्वारीची गरम भाकरी आणि लसणाची लाल चटणी. माझ्या बोटांना टर्पेंटाइनचा वास, तरी चाचींनी कधी नाक मुरडलं नाही.

तो तिथंच भेटला. विजेच्या ऑफिसात वायरमन होता, धोक्याच्या पाट्या करून घ्यायला आला. लाल पत्रा, पांढरी कवटी, खाली दोन हाडं. कवट्यांचं काम तुम्ही माझ्याकडं दिलंत आणि बजावलंत, "कवटी हसली पाहिजे. गंभीर कवटीला कुणी भेत न्हाई." तो दर दोन दिवसांनी चौकशीला यायचा. पाट्या चाळीस होत्या की पन्नास, आठवत नाही, पण संपूच नयेत असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. एकदा म्हणाला, "खांबावर चढलो की आता पहिल्यांदा तुमच्या कवटीकडं बघतो. ती हसली की वर जातो." मी बावीस वर्षांची. असं वाक्य माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. त्याचा डावा कान फाटलेला होता, लहानपणी बैलाचं शिंग लागून वरची पाळी गेलेली. तो बोलताना डोकं थोडं डावीकडं वळवून ठेवायचा, कान दिसू नये म्हणून.

सगळं सोपं होतं, चाचा. त्याच्या घरची माणसं आली, आईनं पोहे केले, दोन्हीकडच्यांना पसंत पडलं. त्याची आई म्हणाली, "चितरं काढती म्हणं. काढू दे की. घरात बसून काढंना, आमी कशाला आडवं येऊ?" चांगली बाई होती. सुपारी फोडायचा दिवसही ठरला. आणि त्या दिवसांत मी त्याचं चित्र काढत होते. तुमच्या दुकानाच्या आतल्या बाजूला, जिथं तुम्ही जुने पत्रे ठेवायचात, तिथं कागद टेकवून. पाच आठवडे. त्याला समोर बसवलं नव्हतं, मनानंच काढत होते. कॉलेज संपायची मी वाट बघायची, धावत यायची, आणि त्या कागदासमोर बसले की मोंढ्यातला सगळा गलका बंद व्हायचा. कपाळावरचा उजेड, गळ्याशी उघडी गुंडी, ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ घातलेलं. इतकं चांगलं मी त्याआधी काही काढलं नव्हतं. नंतरही फार वेळा नाही.

सुपारीला चार दिवस राहिलेले. तुम्ही ब्रश पुसत आत आलात आणि चित्रासमोर उभे राहिलात. बराच वेळ. मी कौतुकाची वाट बघतेय.

"कोण हाय हा?"

"असं काय चाचा? तोच की. तुमचा तारवाला."

"कान किधर है उसका?"

चित्रातला कान धड होता.

"बेटी, काम लई भारी झालंय. हात बसलाय तुझा. पण ह्याच्यात तो न्हाई. हा कुणी दुसराच हाय, तुझ्या मनातला." मग ब्रश पुसतपुसत, माझ्याकडं न बघता, "ज्याच्यासंग जिंदगी काढायची त्याचा कान काढता आला पाहिजे."

मी कागद गुंडाळला आणि निघून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आईला सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही. आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "कावून गं? काय कमी हाय त्याच्यात?" अण्णा दारात येऊन उभे राहिले. तेव्हा मी म्हणाले, "चाचा म्हणाले, माझं त्याच्यावर प्रेमच नाही. चित्र बघून म्हणाले."

अण्णांनी तुम्हाला विचारलं असणार, त्याच दुपारी तुम्ही घरी आलात. धुतलेला पांढरा पायजमा-कुडता, डोक्यावर टोपी, ईदला घालायचात तो. तुम्ही आमच्या घरी खुर्चीवर बसायचात, त्या दिवशी बसला नाहीत. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून ऐकतेय. तुम्ही अण्णांना म्हणताय, "साहेब, माझी चूक झाली. चित्राबद्दल बोललो मी, आन् ती लग्नाबद्दल समजली. मी येडा माणूस, पत्र्यावर बोलायची सवय, माणसावर बोललो. मी पोराच्या घरी जातो, पाया पडतो त्यांच्या. लडकीला समजावा." मग तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालात, "बेटी, बाहेर येऊन सांग, चाचा खोटं बोलला म्हणून. मी मान्य करतो." मी बाहेर आले नाही. भिंतीच्या चुन्याला पाठ लावून उभी राहिले, तुमच्या चपलांचा आवाज गल्लीतून जाईपर्यंत.

त्याला मात्र मी स्वतः सांगितलं, तुमच्या दुकानासमोरच. तो भांडला नाही. म्हणाला, "चित्र तरी दे. तेवढं माझं हाय." मी दिलं. त्यानं उलगडून पाहिलं आणि त्याचा हात आपोआप डाव्या कानाकडं गेला. "लई भारी काढलंस," म्हणाला. "असा असतो तर काय पाहिजे होतं." पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं, गेवराईची मुलगी. त्यांचं चांगलं चाललं. त्यांची धाकटी माझ्याच वर्गात होती, तेव्हा पालकसभेत त्याची बायको येऊन हसत म्हणाली, "तुमीच ना त्या म्याडम? ते चित्र आमच्या पुढच्या खोलीत हाय. पाव्हणे इचारत्यात, ह्यो हिरो कोण? मी म्हनते, ह्यो न्हवरा मला दावलाच न्हाई कुणी." आम्ही दोघी खूप हसलो. मला तिचा हेवा वाटला नाही. तिनं त्याचा कान रोज बघितला असणार आणि तिला तो चालला असणार.

पण तुमचं तसं झालं नाही. मी महिनाभरानं परत दुकानात आले तेव्हा तुम्ही स्टूल पुढं सरकवलंत, चाचींना चहा टाकायला सांगितलंत, सगळं आधीसारखं. मी एक पाटी रंगवली. 'श' बिघडला होता, मला कळत होतं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "अच्छा है, बेटी." मला वाटलं, आज मन नसेल. पुढच्या आठवड्यात धरणाचं चित्र आणलं. "अच्छा है." त्यानंतर अकरा वर्षं, चाचा. मी नोकरीला लागले, त्या दिवशी तुम्ही मला तुमचा खारीच्या केसांचा ब्रश दिलात, पत्र्यावर नाजूक रेघा मारायला जपून ठेवलेला, आणि तेव्हाही एवढंच म्हणालात. मी मुद्दाम चुका करून आणायची. माणसाचे हात आखूड काढायची, सावल्या उलट्या टाकायची. तुमची नजर बरोबर तिथं जाऊन थांबायची, ओठ हलायचे, आणि मग, "अच्छा है." मला खरं सांगणारा एकच माणूस होता आणि तो मी माझ्या हातानं गप्प केला होता.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी वहीच घेऊन आले. तुम्ही खाटेवर, खिडकीतून दुपारचं ऊन पायांवर. मी म्हणाले, "एकदा खरं सांगा. शिव्या द्या." तुम्ही वही हळूहळू चाळलीत, शेवटच्या पानापर्यंत. मग बंद करून माझ्या हातात दिलीत. "माझ्या जिभेनं एकदा एका पोरीचं घर बसू दिलं न्हाई. आता ह्या जिभेला मी कामाला लावत न्हाई." चाची डोळ्याला पदर लावून आत गेल्या. तेव्हा सांगायची वेळ होती. मी म्हणाले, "पाणी देऊ का?" महिन्याच्या आत तुम्ही गेलात.

परवा शाळेत मधल्या सुट्टीत आमच्या एका नव्या शिक्षिकेनं विचारलं. तिचं लग्न ठरलंय, त्यामुळं तिला सगळ्यांची प्रेमं ऐकायची असतात. "मॅडम, तुम्ही कधीच नाही का पडलात कुणाच्या प्रेमात?" मी म्हणाले, पडले होते, विजेच्या माणसाच्या. सगळ्या हसल्या. "मग काय झालं?" आणि मी डबा झाकता झाकता सहज बोलून गेले, "आमचे एक पेंटर चाचा होते. त्यांनी चित्र बघून असं काही सांगितलं की मोडलंच." तिला ते फार आवडलं. घंटा झाली. मी पाचवीच्या वर्गावर गेले, फळ्यावर आंबा काढायला घेतला, आणि अर्धाच सोडून खुर्चीत बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याच नावावर खपवतेय.

हे पत्र कुठं टाकणार? चाची आता लेकीकडं परभणीला असतात, डोळ्यांना दिसत नाही त्यांच्या. त्यांना दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागेल, ते नको. मग वहीतच राहील. पण लिहायचं ते लिहून टाकते. कानाचं तुमचं बोलणं बरोबर होतं, पण त्यानं काही मोडलं नाही. ते आधीच मोडलं होतं. तुम्ही आत यायच्या दोन-तीन दिवस आधी तो दुकानात आला होता, आठवतं? हातात गरम भज्यांचा पुडा घेऊन. तो पत्र्यांपाशी उभा राहून माझ्याशी बोलत होता, चांगलं बोलत होता, आणि मी हं हं करत होते. त्याच्या खांद्यावरून मला माझा कागद दिसत होता, गळ्याजवळची सावली अजून व्हायची होती, ऊन सरकत होतं. आणि मला एवढंच वाटत होतं, चाचा, की हा आता लवकर जावा.