मामाचा जबाब

९ जानेवारी

मेलेल्या माणसावर दावा लावणं न्याय्य आहे का? आमच्या गावच्या चर्चचा फादर रुफिनो जाऊन वीस वर्षं झाली. 'मी असलं काही केलं नाही' म्हणायला तो आता येणार नाही. पण अकरा वर्षांचा बेनितोमामा तरी तेव्हा कुठे बोलू शकत होता?

गेल्या वर्षी इथे ग्वाममध्ये लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांची जुनी मुदत उठली. मी वकीलबाईंकडे जबाब लिहून घेते – घरातली पहिली पदवीधर! मामाच्या मागे मीच लागले होते. आज तो हो म्हणाला.

११ जानेवारी

आईला कळलं. "चाळीस वर्षं मूग गिळून बसला, आता तोंड फुटलं होय? भरपाईपायी चर्च विकायला काढतील. मग तुझं लग्न कुठे लावू, त्याच्या टायरच्या दुकानात?"

मुदत दुधाच्या डब्याला असते, असं मी सुनावलं.

"बाईसाहेब शिकल्या!" म्हणाली आणि कोंबडीला लिंबू चोळत बसली. गावात कुणी गेलं की नऊ दिवसांची जपमाळेची प्रार्थना आईच सांगते. तिच्या शब्दाबाहेर इथे कुणी नाही.

१५ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये मिस्साभर मामाशेजारचं बाक रिकामं. बाहेर एकजण मोठ्याने – "काय बेनितो, नवा ट्रक कुठल्या रंगाचा घेणार?" सगळे खिदळले. मामाही हसला. हसला!!

१८ जानेवारी

मामाचा जबाब घेतला. ऑफिसात आम्ही दोघंच. तो आमच्या भाषेत बोलला, मी इंग्रजीत टिपत गेले. फादरबद्दलचं त्याने भराभर सांगितलं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. मग म्हणाला,

"आता खरं लिही. सणाच्या जेवणाला सगळी मुलं ओळीने फादरच्या हाताला नाक लावत होती. मी लावलं नाही. तुझ्या आईने भर मांडवात थोबाडीत मारली. मोठ्यांचा मान ठेवत नाही म्हणून! घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. सगळं. ती म्हणाली, तोंड धू. मग लाल भाताचं पातेलं दिलं आणि स्वतः मला फादरच्या दारात सोडून आली – माफी मागायला."

त्या बहीणभावाला आईबाप नव्हते. आई तेव्हा वीस वर्षांची, त्याला वाढवत होती.

"मामा, हे कशाला?"

"फादर मेलाय, त्याचं काय व्हायचंय? पैसे त्या वकीलबाईला घेऊ दे. मी सांगितलं होतं, एवढं कुठेतरी लिहिलेलं पाहिजे मला."

१९ जानेवारी

आईला विचारलं. वाटलं, ओरडेल, नाही म्हणेल. ती इस्त्री करत होती, करतच राहिली.

"त्याने सांगितलं होतं. मग? फादर खोटा ठरला असता, तर आम्हाला गावात कुणी दारात उभं केलं असतं?"

"तो अकरा वर्षांचा होता, आई!"

"आणि मी कोण होते? लिही. लिही माझं नाव. आईला गावासमोर नागडं करायलाच शिकवलं ना तुला."

मग इस्त्री बाजूला ठेवली. माझा हात उचलला, वाकली आणि त्यावर नाक टेकवलं. आईने – माझ्या हातावर! थोरांचा आशीर्वाद घेतात तसा. तिचं नाक गार होतं. मी हात काढून घेतला नाही.

२० जानेवारी

वकीलबाई म्हणाल्या, "मसुदा सोमवारी दे. तुझा असला की मला तपासावा लागत नाही."

२३ जानेवारी

दावा दाखल झाला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. "वाचून दाखवू?" मी विचारलं. "तू लिहिलंयस ना," म्हणाला आणि सही केली.

मांडव, थोबाडीत, पातेलं – सगळं मी कालच काढून टाकलं होतं. त्या जागी एकच ओळ घातली: मुलाने हे कुणालाही सांगितलं नाही.