फ्लॅश कुठून मारायचा

आप्पा,

तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग उतरलेला नाही. आज बीडच्या दुकानात तो पुन्हा डोक्यात गेला. गेले होते कॅमेऱ्याला फ्लॅश अडकवायचा ब्रॅकेट घ्यायला. औंदा पुन्हा पाऊस गायब, सिरसाळ्याच्या अंगाला पुन्हा सोसायटीची चारा छावणी उभी राहिलीय, आणि प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा जवळून फोटो काढायचं काम आपल्या स्टुडिओला मिळालंय. तुमच्या वेळच्या चेअरमनचा पोरगा आता चेअरमन आहे. बापासारखाच गोड बोलतो. "ताई, नंबर तेवढा स्वच्छ आला पायजे. बाकी कानाशी आपल्याला काय करायचंय?" मी तोंडानं "बरं" म्हणाले आणि मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुकानदारानं तीन ब्रॅकेट पुढं ठेवले. पहिला गोल, लेन्सभोवती कड्यासारखा बसणारा. दुसरा आखूड पट्टीचा, तुम्ही वापरायचात तसला. तिसरा दोन सांध्यांचा लांब हात, हवा तसा वळणारा. त्याचा सगळा जीव त्या गोलावर. "हाच घ्या ताई. चारी अंगांनी उजेड, सावली म्हणून न्हाई. किडा काढा, फूल काढा, नथ काढा." मला इतका संताप आला की त्या बिचाऱ्यावरच ओरडले, "सावली न्हाई म्हंजे सूज न्हाई, फाटलेलं न्हाई, रगत न्हाई! असला फोटो आमच्या चेअरमनला लई आवडंल." तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

हे तुम्हीच शिकवलं होतं, आणि मारून शिकवलं होतं. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश इतक्या जवळून उडवला की लेन्स आडवी येते, खालचा अर्धा कान काळा पडतो आणि बिल्ल्याचं पिवळं प्लास्टिक असं चकाकतं की त्यावरचा नंबरच जातो. एक अख्खा रोल तसा वाया गेला तेव्हा तुम्ही माजलगावच्या वेल्डिंगवाल्याच्या पुढ्यात बसून पट्टी वाकवून घेतली. त्याला बी शिव्या घातल्या. फ्लॅश कानाच्या बाजूला आला आणि नंबर तर दिसलाच, पण कानावरचा केस न् केस उभा राहिला. मी एकदा विसरून पट्टी समोर वळवली, तर भर छावणीत माझ्या पाठीत धपाटा घातलात. "बाजूनं मार, बाजूनं! डोळे फुटले का काय तुजे?" पोरगा काखेत घेऊन नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई होते मी, बारकी पोर नव्हते. लोक हसले. मी दात-ओठ खात पट्टी फिरवली.

त्या उन्हाळ्यात बिल्ल्यांच्या फोटोचं काम तुमच्याकडं होतं, आणि छावणीत बिल्ला असेल त्याच जनावराला चारा मिळायचा. एका विधवा मावशीची तांबडी गाय होती. तिचा दीर सोसायटीच्या निवडणुकीत चेअरमनच्या पॅनलविरुद्ध उभा राहिला होता, एवढाच तिचा गुन्हा. एका सकाळी बघतो तर गायीचा कान टोकापर्यंत फाटलेला, माश्या घोंगावतायत, बिल्ला गायब. मुकादम, म्हणजे छावणी सांभाळणारा चेअरमनचा माणूस, दात कोरत म्हणतो, "बाभळीला अडकून फाटला आसंल. बिल्ला न्हाई तर चारा न्हाई. न्या घरी." मावशी अंगावरच धावली त्याच्या. "आरं मुडद्या, बाभळ काय कातर घिऊन हिंडती व्हय?" त्यानं तिला छातीवर हात ठेवून मागं ढकललं, ती शेणात पडली. तुम्ही खाली बसलात, गायीचा कान डाव्या हातात धरलात, पट्टी वळवलीत आणि फोटो काढलात. गाय हिसडे देत होती, तुमची बाही रक्तानं भरली.

मग तुम्ही दावणीदावणीनं हिंडलात, प्रत्येक कान उलटून बघत. शेवटच्या रांगेत तोच नंबर एका बैलाच्या कानात सापडला. भोक ताजं, कडेला टम्म सूज, खाली वाळलेला ओघळ. बैलाचा मालक एक काटकुळा माणूस, लांबून आलेला, चार दिवस मुकादमाचे पाय धरून जागा मिळवलेला. तुम्ही त्या कानाचाही फोटो काढलात, वीतभर अंतरावरून. तेव्हा तुमचा चेहरा कसा फुलला होता! "आता कसा सुटतो बघू," म्हणालात. मला तुमचा इतका अभिमान वाटला की पाठीतला धपाटा विसरले.

दुसऱ्या दिवशी तहसीलदार साहेब आले, तुम्ही रातोरात धुतलेले दोन्ही फोटो जीपच्या बॉनेटवर मांडले. "ह्यो कातरीचा काप हाय साहेब. आन हे भोक कालपरवाचं हाय. बिल्ला एकच." साहेबांनी मान हलवली आणि विचारलं, "बैल कुणाचा?" बस्स. बिल्ला कुणी मारला हे त्यांनी विचारलंच नाही. सगळी छावणी त्या काटकुळ्याकडं वळली. "म्या न्हाई मारला, मुकादमानं मारला, आईची आन!" तो ओरडत होता. पण मुकादमाच्या मागं काठ्या घेतलेली माणसं होती आणि ह्याच्या मागं नुसता बैल. मावशीच्या दिरानं दावणीचा खुंटा उपसला आणि त्या काटकुळ्याच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो गुडघ्यावर आला, तसं दिराच्या पुतण्यांनी त्याला लाथांनी घेतलं, पोटात, बरगड्यांत, पाठीत. खाली पालथा पडला तरी थांबेनात. तोंडातून रक्ताबरोबर दात पडले आणि चाऱ्याला टाकलेल्या उसाच्या वाढ्यात गेले. आणि मुकादम, ज्यानं कातर चालवली तो मुकादम, लांब उभा राहून ओरडत होता, "मारा चोराला!" तुम्ही "आरं थांबा, त्यो न्हाई!" करत मधे घुसलात, कुणाच्या तरी कोपरानं तुमचा चष्मा फुटून भुवईत रुतला. मी एका पुतण्याच्या दंडाला कडकडून चावले. साहेबांची जीप तेवढ्यात निघाली. बैल खालचं वाढं चघळत होता.

गायीला दुसऱ्या कानात बिल्ला मिळाला. तो माणूस जबड्याला टॉवेल बांधून, बैलाला घेऊन मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागला. त्यांचं पुढं काय झालं कुणाला ठाऊक नाही.

घरी आल्यावर तुम्ही थेट स्वयंपाकघरात गेलात. आई भाकरी थापत होती. तुम्ही दोन्ही फोटो आणि निगेटिव्ह चुलीत घातल्या. मी हात घालायला गेले, तर तापलेला चिमटा माझ्या मनगटावर मारलात. "मर की मग त्याच्यावानी मार खाऊन!" मी पण म्हणाले, "त्याला तुमच्या फोटोनं मारलं!" तेव्हा कानाखाली बसली. आई मधे पडली, तिलाही लागली. भाकरीला जळलेल्या फिल्मचा घाण वास लागला होता, तरी आम्ही खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही फ्लॅश समोरून मारायला लागलात, कागद आडवा लावून, मऊ करून. नंबर दिसला, बास. मरेपर्यंत तसंच. मी तुम्हाला भेकड म्हणत राहिले, मनात आणि कधी तोंडावर.

आज ते तीन ब्रॅकेट पुढ्यात होते तेव्हा कुठं ध्यानात आलं. आप्पा, उजेड बाजूनं मारला ही तुमची चूक नव्हती. तुम्ही लई जवळ गेलात. फोटोत कान आला, भोक आलं, पण बिल्ला ठोकायची पक्कड धरणारा हात आला नाही, म्हणून लोकांनी ज्याचा कान दिसला त्याला धरलं. वाकवलेली आखूड पट्टी उजेड वीतभर अंतरावरच टाकते, तुम्ही मागं सरला असतात तर सगळं काळं आलं असतं. म्हणून मी लांब हाताचा घेतला. सांधा दुमडला की कान, उघडला की चार पावलं मागून आख्खा माणूस. बिल्ला मारायला सुरुवात होईल तेव्हा मी पहिल्या जनावरापासून तिथं उभी राहणार. कान, पक्कड, हात आणि तोंड एकाच फोटोत. चेअरमनच्या पोरानं कामावरून काढलं तर काढू दे. अंगावर माणसं घातली तर घालू दे.

हे कागद मी फाडून टाकणार आहे. सुनेच्या हाती लागले तर ती मला छावणीत पाऊल टाकू द्यायची नाही.

आणि एक सांगून टाकते. दुकानदार म्हणाला, "ताई, ह्यातच अल्युमिनियमचा हलका येतो, बाईमाणसाला बरा पडतो." उजेडाला दोन्ही सारखेच. मी लोखंडीच घेतला. त्याच्या देखत मुठीत धरून दोनदा हवेत फिरवून बघितला, आणि मला लई बरं वाटलं.