आरतीला हेल्दी करायचं

२ ऑगस्ट, शनिवार
शाळेत पालक मीटिंग. नववीत पहिली श्रेया, म्हणजे माझ्या धाकट्या जावेची पोरगी. दर वेळी तीच. आमची आरती मधी कुठंतरी. रत्नाला, माझ्या जावेला, स्टेजवर बोलावून नारळ दिला. टाळ्या. मीपण वाजवल्या, हळू.

मीटिंग सुटल्यावर सुदर्शन सरांनी रत्नाला एकटीला बाजूला घेतलं. मी चप्पल शोधायच्या निमित्तानं दाराआड. सर म्हणत होते, पोरीला हेल्दी करा, वजन वाढलं पाहिजे, मग बघा अजून कशी पुढं जाते.

असं हाय व्हय! गुपित पहिल्या नंबरवाल्यांनाच सांगतात. आमी काय परगावचे?

मी चौथीच शिकले, पण हेल्दी म्हणजे काय ते मला कळतं. बोरी बुद्रुकची माझी नणंद हेल्दी आहे. रिक्षात तिच्या शेजारी कोण बसत न्हाई.

ठरलं. आरतीला हेल्दी करायचं. दिवाळीनंतरचा नारळ माझा.

४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
मला उपास, आरतीला न्हाई. डिंकाचे लाडू केले, घरच्या म्हशीच्या तुपात. सकाळी दोन, डब्यात चार, संध्याकाळी परत. आरती म्हणाली, मम्मी, तोंडाला मिठी बसली. म्हटलं, बसू दे, गीळ.

कांद्याच्या काट्यावर उभी केली. बेचाळीस किलो. आरतीचे पप्पा म्हणाले, बारदान वजा कर. यांना सगळ्याची थट्टा.

१९ ऑगस्ट, मंगळवार
पंचेचाळीस! गाल भरले.

सरांचा फोन, आरती तिसऱ्या तासाला झोपते. म्हटलं, सर, अन्न अंगी लागतंय. सरांनी फोन ठेवला. पटलं असणार.

वर्गातल्या पोरी तिला सिलिंडर म्हणतात म्हणे. आरती रडली. मी म्हटलं, जळतात मेल्या. आपल्यात न्हाई तसलं. मला कुणाचंही बरं बघवतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
पोरगी सुधारली. घरी लाडू नको म्हणते, सगळे डब्यातच दे, शाळेत खाते. डबा रोज चाटूनपुसून रिकामा. कुरकुर न्हाई.

काट्यावर चव्वेचाळीस. काटा बिघडला. यांनी पिशव्या आदळून आदळून ढिला केलाय. लाडवात तूप वाढवलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार
नवरात्रीचा आजचा रंग लाल. देवळात रत्ना लाल साडीत, शेजारी श्रेया. पोरीचे गाल बघून देवीला हात जोडायचं राहिलं. काडी व्हती काडी. प्रार्थनेला उभी राहिली की चक्कर यायची. आता ड्रेसची शिवण उसवायला आलीये.

रत्ना चोरून कायतरी चारते.

संध्याकाळी विरजण मागायला म्हणून तिच्या घरी गेले. ती चहा ठेवत होती तेवढ्यात चार डबे उघडून बघितले. बाजरीचं पीठ, शेंगदाणे, मोड आलेली मटकी. तूप कुठंच न्हाई. मागून रत्ना म्हणाली, ताई, विरजण पिठाच्या डब्यात नसतं, फ्रिजमधी असतं.

विचारलं, पोरीला डब्यात काय देतीस? म्हणे, भाकरी आन् मटकी. लबाड. आपलं माणूस असून सांगत न्हाई.

९ ऑक्टोबर, गुरुवार
सहामाही सुरू. काटा त्रेचाळीस म्हणतो. काट्याचं ऐकायचं सोडलं.

आरती पहाटे आपली आपण उठते, पुस्तक घेऊन बसते. तुपाचा गुण. मोरपंखी साडीवरचा ब्लाउज जुन्नरला शिवायला टाकला. स्टेजवर फोटो काढतात.

८ नोव्हेंबर, शनिवार
निकाल. मोरपंखी नेसून पुढच्या रांगेत बसले.

पहिली श्रेया.

आरती सातवी. सर म्हणाले, आरती आता वर्गात जागी असते, छान हेल्दी झालीये. हेल्दी? पोरीच्या गळ्याची हाडं दिसतात!

मग सर माइकवर म्हणाले, श्रेयाचं वजन फार कमी होतं, चक्कर यायची, आता सगळं थांबलं, तिच्या आईनं दोन शब्द सांगावेत. रत्ना नारळ घेऊन उभी, लाजलेली. म्हणाली, सर, मी तर तीच भाकरी-मटकी देते. कशानं अंग धरलं मलाच ठाऊक न्हाई.

श्रेयानं माइक ओढला. म्हणाली, मोठ्या आईच्या लाडवांनी! मी आन् आरती डबा बदलतो. मोठी आई लई भारी लाडू करती.

सगळं गाव माना उंचावून माझ्याकडं बघतंय. टाळ्या. रत्ना स्टेजवरून खाली आली, नारळ माझ्या हातात दिला. म्हणाली, ताई, हा तुमचा. तिच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं जमिनीनं मला गिळावं, पण फोटोवाला समोर होता, म्हणून हसले.

घरी आरतीला म्हटलं, दोन महिने मला फसवलंस. म्हणाली, मम्मी, काकीची मटकी खाल्ली की झोप येत न्हाई.

९ नोव्हेंबर, रविवार
आरतीचे पप्पा सकाळपासून म्हणतायत, पहिला नंबर आपल्या म्हशीचा.

बरोबरच आहे. गावाला कळू दे.

नारळ फोडला, खवून लाडवात घातला. उद्याचा डबा भरला. जाणार रत्नाच्याच पोरीच्या पोटात.

मटकीला एवढे लांब मोड कसे आणते, ते तिला विचारायचंय. कसं जावं? विरजण मागून झालंय.