हसरा चेहरा, मान डावीकडे

४ मार्च
गुडघा संपला. डॉक्टर म्हणाले, "चालाल, जिने चढाल. नाचाच्या स्पर्धा मात्र विसरा." नवरा शेजारीच बसला होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनाच विचारतो, "मग मी कोणाबरोबर नाचायचं?" जसं काही गाडीचा सुटा भाग बाजारात मिळेनासा झालाय!

९ मार्च
नाच शिकवणाऱ्या सरांनी हॉलवर बोलावलं. आमच्या जोडीच्या नाचात जोडीदार गेला की माणूस शून्य, एकट्याला स्पर्धेत नावही देता येत नाही. म्हणून सरांनी मुलगी आधीच शोधून ठेवलीये! कोवळी आहे. मानेचा बाक सुरेख. अंगानं एवढीशी — मी मनातल्या मनात चिमणी म्हणून टाकलं.
"तिला तूच तयार कर," सर म्हणाले. "त्याच्या सवयी तुझ्याइतक्या कोणाला माहीत?"
हो म्हणाले. आ बैल मुझे मार!

१० मार्च
रडले. बास.

१७ मार्च
चिमणी झरझर शिकते. आज तिला सगळं समजावून सांगितलं. फ्लोअरवर एका वेळी कितीतरी जोड्या. गाणं कुठलं लागेल ते आधी कळत नाही. तू बहुतेक वेळ उलटी चालणार, मागून कोण येतंय ते तुला दिसणार नाही — तुझे डोळे म्हणजे तो. परीक्षक कडेला उभे असतात, एकमेकांशी बोलत नाहीत. सुरुवातीच्या फेऱ्यांत गुण नसतातच. ज्या जोडीला पुढे बोलवायचं, तिच्या नंबरावर नुसती खूण. नंबर पुरुषाच्या पाठीवर.
"आणि माझा, ताई?"
"बाईला नंबर नसतो."
ती हसली. मी नाही.

२६ मार्च
माझा निळा झगा कंबरेत आत घेतला, तिच्यासाठी. नवरा दारातून बघून म्हणाला, "तिच्यावर जास्त खुलेल." सुई बोटात गेली.

२ एप्रिल
कोपऱ्यात खुर्ची टाकून सराव बघत होते. वॉल्ट्झ चालू होता. चिमणीचं एक पाऊल उशिरा पडलं, आणि एकदम तिचे डोळे विस्फारले. चेहरा हसराच. मला लगेच कळलं.
पुरुषाचा उजवा हात बाईच्या पाठीवर, खांद्याच्या हाडापाशी असतो. ती चुकली की हा तिथे बोटं रुतवतो. बाहेरून पकड देखणीच दिसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात — आमच्यात तोंड हसरं ठेवून! बारा वर्षं मी त्याला शिस्त म्हणत आले. ही शिस्त घरीही येते. ओट्यापाशी, पलंगापाशी.
कपडे बदलताना चिमणीने पाठ दाखवली. बोटांचे वळ, काळेनिळे.
"ताई, असंच असतं का?"
"सवय होते," मी म्हणाले.
शी! असं म्हणाले मी!

३ एप्रिल
सरांना सांगितलं. ते बुटांचे तळवे ब्रशने घासत होते. मान वर न करता म्हणाले, "स्पर्धा तोंडावर आलीये. मुली ढिगाने मिळतात गं, पुरुष मिळत नाहीत." घरी पोचले तर याला सगळं ठाऊक! सरांनीच फोन केला असणार.
मनगट सुजलंय. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर बघवत नाही.

११ एप्रिल
स्पर्धा झाली. झाली म्हणजे काय!
अंतिम फेरीपर्यंत पोचले दोघं. वॉल्ट्झ तर दृष्ट लागण्यासारखा झाला. मग टँगो. एक जोडी आडवी आली, याने वळायला उशीर केला, धडक बसली. चूक याची, अख्ख्या हॉलने पाहिली. आणि बोटं मात्र तिच्या पाठीत रुतली. मला इतक्या लांबून दिसलं.
चिमणी थांबली. फ्लोअरच्या मधोमध! हात सोडवून घेतला आणि गाण्याच्या आवाजातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "परत मला हात लावायचा नाही!" बाकीच्या जोड्या त्यांना वळसा घालून नाचत राहिल्या. ती सरळ दोन परीक्षकांच्या मधून बाहेर चालत गेली. हा तिथेच. हात अजून पकडीत, मध्ये कोणीच नाही.
"बघत काय बसलीस? समजाव तिला!" सर माझ्यावरच ओरडले.
गेले तिच्यामागे. समजावलं नाही. झग्याचे हूक काढून दिले. मग ती वळून मलाच विचारते, "ताई, तुम्ही आता घरी कशा जाणार?"
हा विचार मी केलाच नव्हता.

१२ एप्रिल
घरी गेले नाही. चिमणीच्या मावशीकडे आहे. सकाळी चिमणी आणि मी पोलीस चौकीत गेलो, तर बाहेरच्या बाकावर एक बाई आधीच बसलेली — आमच्या लग्नाआधी जी त्याच्याबरोबर नाचायची, ती. कालचं तिच्या कानावर गेलं होतं. सरकून मला जागा करून दिली.