गोरा कबरस्तान, त्याची चावी आणि माझे घर यांची व्यवस्था

मी, कुमारी सत्यवती केशवराव उमरीकर, वय वर्षे बासष्ट, राहणार बरकतपुरा, हैदराबाद, सेवानिवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण हे वाचून झाल्यावर निदान दोन नातेवाईक तिच्याविषयी शंका काढतील. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला, त्यांची हकीकत ओघाने येईल. १९५१ साली केलेले माझे मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. त्यात मी फार सौम्य होते.

कलम १. या मृत्युपत्रात 'दफनभूमी' म्हणजे काचीगुडा स्टेशनच्या अलीकडची ती जुनी भिंतबंद जागा, जिला गल्लीतले लोक गोरा कबरस्तान म्हणतात. नावावर जाऊ नये. तेथे गोरे आहेत तसे सावळेही आहेत: फ्रेंच तोफखान्यातले शिपाई, एक घोड्यांचा डॉक्टर, पटकीत एका आठवड्यात गेलेली चार भावंडे. १९२३ साली मला तेथे कारकून म्हणून घेतले, ते केवळ दगडांवरचे इंग्रजी वाचता येणारे दुसरे कोणी कचेरीत नव्हते म्हणून. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला इंग्रजी, शिवणकाम आणि ताठ बसणे या तीन गोष्टी शिकवल्या. शिवणकाम मी सोडून दिले. १९५२ साली मला निवृत्त केले, पण फाटकाची चावी परत मागायची राहून गेली. मीही आठवण करून दिली नाही.

कलम २. दफनभूमीची चावी, माझी मोजणीची साखळी, नारळाच्या काथ्याचे सहा ब्रश, कात्री आणि चुन्याची घमेली मी माळी यल्लय्या यांना देते. ते वीस वर्षे माझ्याबरोबर काम करत आहेत आणि त्यांनी माझे बोलणे ऐकून घेतले आहे, तेव्हा हे दान नसून भरपाई आहे. त्यांना पुढील गोष्टी सांगायची गरज नाही, परंतु दफनभूमीसाठी आता नेमलेल्या समितीतल्या शिकलेल्या लोकांना आहे. दगड पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने धुवावेत. तारेचा ब्रश लावू नये, अक्षरे जातात. पिंपळाचे रोप भिंतीत दिसले की दोन पानांवर असतानाच मुळासकट काढावे. चार पानांचे झाले की ते भिंत काढते. भेगा चुन्याने भराव्यात. सिमेंटचे पोते घेऊन कोणी आत आला तर त्याला पोत्यासह बाहेर काढावे.

कलम ३. दफनभूमीचे रजिस्टर माझी मालमत्ता नाही, म्हणून ते मी कोणाला देऊ शकत नाही. पण ते आज हैदराबादेत आहे ते माझ्यामुळे, आणि ही गोष्ट कोठेतरी कायद्याच्या कागदावर यावी अशी माझी इच्छा आहे.

हे रजिस्टर मराठीत आहे. कचेरीची भाषा उर्दू होती, माझी उर्दू भाजीवालीपुरती. त्या वेळचे आमचे सुपरिंटेंडेंट मुकुंदराव म्हणाले, "नोंद चुकायला नको, मग ती कोणत्याही भाषेत असो. तुम्ही मराठीत लिहा, खाली सही-शिक्का मी करीन." त्याप्रमाणे एकोणतीस वर्षे चालले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि दप्तरांची वाटणी सुरू झाली. आमच्या दप्तरखान्यात हे काम प्रतापरावांकडे होते. कानडीतले कागद एका ढिगात, मराठीतले दुसऱ्या ढिगात, असे करत त्यांनी तीन दिवसांत खोली रिकामी केली. मला आठ दिवसांनी कळले. आमचे संभाषण मी येथे जसेच्या तसे देते.

"प्रतापराव, रजिस्टर कुठे आहे?"

"बाई, मराठी कागद सगळे औरंगाबादला गेले. हुकूमच तसा होता."

"हुकूम मराठवाड्याच्या कागदांचा होता की मराठी कागदांचा?"

"एकच की हो ते."

"मग तुम्ही कसे नाही गेलात ट्रकमधून? तुम्हीही मराठीच."

"माझं घर इथं आहे, बाई."

"रजिस्टरातल्या लोकांचंही," मी म्हटले.

कलम ४. याचा फायदा एका साहेबांनी घेतला. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण मृत्युपत्रे जपून ठेवतात. नव्या राज्यामुळे बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांना क्वार्टर्स हवी होती आणि साहेबांची नजर आमच्या भिंतीवर गेली. दफनभूमीच्या मूळ सनदेत एक अट आहे: तीस वर्षे तेथे कोणाचेही दफन झाले नाही तर जमीन सरकारजमा व्हावी. साहेब स्वतः येऊन दगड वाचून गेले. शेवटचा दगड पियानो दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचा, १९२६ चा. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि मला म्हणाले, "मुदत संपली, मॅडम. आता हे फक्त गवत आहे."

त्यांना दगड दिसले, रामय्या दिसले नाहीत. रामय्या म्हणजे यल्लय्यांचे वडील, तेथलेच पाथरवट. १९४१ साली ते वारले तेव्हा मुकुंदरावांनी त्यांना चिंचेखाली जागा दिली. आयुष्यभर दुसऱ्यांचे दगड घडवणाऱ्या माणसावर दगड बसवायला कोणाकडे काही नव्हते. त्यांचा पुरावा फक्त रजिस्टरात होता, आणि रजिस्टर औरंगाबादेत.

कलम ५. माझे पुतणे चिरंजीव वसंत तेव्हा औरंगाबादेत दप्तरांच्याच खात्यात होते. त्यांना मी चार पत्रे लिहिली. त्यांनी कळवले की कागद सापडत नाहीत, आणि आत्या, या वयात तुम्ही मेलेल्यांची काळजी करण्यापेक्षा घर विकून इकडे आपल्या मराठी मुलखात या. मी काचीगुड्याहून गाडी पकडून गेले. नऊ दिवस मी त्यांच्या दप्तरखान्यात गोणपाटावर बसून गठ्ठे सोडले. रजिस्टर ज्वारीच्या पीकपाहणीखाली निघाले. तेथील कारकुनांनी ते माझ्या हातातून काढून घेतले आणि सांगितले, "बाई, ही आता मुंबई सरकारची मालमत्ता. बाहेर नेता येणार नाही."

मी म्हटले, "फारच छान. मग भिंतीची दुरुस्ती, गवत, चुना आणि माळ्याचा पगार आजपासून मुंबई सरकार पाहील, एवढे लिहून द्या. विलायतेहून नातवंडांची पत्रे येतात, त्यांची उत्तरेही तुम्हीच द्यायची. इंग्रजी येतं ना?"

तासाभरात रजिस्टर कापडात बांधून, पोच घेऊन, चहासह माझ्या स्वाधीन करण्यात आले. वसंतने स्टेशनवर माझी पिशवी धरली आणि ती गाडीत माझ्या शेजारी नीट ठेवून मगच उतरला. ते मला आवडले.

कलम ६. सुनावणी मार्च १९५८ मध्ये झाली. साहेबांनी नोंद पाहिली, सही-शिक्का पाहिला आणि म्हणाले की हे युरोपियनांचे कबरस्तान असल्याने माळ्याच्या बापाचे दफन धरता येत नाही. मी सनद वाचायला सांगितली. तिच्यात 'ज्यास विसावा हवा त्यास' एवढेच आहे. जात, देश, दगड यांपैकी काहीही विचारलेले नाही. मग यल्लय्यांना उभे केले. त्यांना मी काहीही पढवले नव्हते.

"साब," ते म्हणाले, "मेरा बावा इधरीच सोताय. तुम घर बांधे तो उसकू उठाको किधर लेको जाऊं, बोलो."

निकाल पंधरा दिवसांत लागला. जमीन दफनभूमीच राहील आणि तिच्यासाठी पाच जणांची समिती नेमावी. हुकमाची प्रत मी फ्रेममध्ये घालून जेवणघरात लावली आहे. ती मी समितीला देते. त्या दिवशी सुलतान बाजारातून मी दोन शेर पेढे आणून प्रत्येक कबरीपाशी नव्हे, पण प्रत्येक शेजाऱ्याकडे वाटले, क्वार्टर्स मिळणार म्हणून आनंदलेल्या शेजाऱ्यांकडे सर्वांत आधी.

कलम ७. प्रतापरावांना मी काहीही ठेवत नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात. तेव्हा साक्षीदार म्हणून प्रतापराव अत्यंत योग्य आहेत. यल्लय्यांना सही करायची होती, त्यांना मी याच कारणाने थांबवले.

कलम ८. माझी पुस्तके, शिसवी टेबल आणि सिस्टरांनी दिलेले मनगटी घड्याळ माझ्या मैत्रीण इंदुताई, विद्यानगर, यांना द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याच करतील. त्या मऊ बोलतात, म्हणून लोक त्यांना फसवायला जातात आणि पस्तावतात.

कलम ९. आता घर. बरकतपुऱ्यातले माझे राहते घर मी चिरंजीव वसंत यांना देते, एका अटीवर.

रामय्यांच्या नोंदीपासून तीस वर्षे मोजली तर १९७१ येते. साहेब तरुण आहेत. ते बढती घेऊन परत येतील, किंवा त्यांच्यासारखा दुसरा येईल, आणि बोटांवर हिशेब करील. आजकाल तेथे कोणी नवे येत नाही. विलायतेचे लोक विलायतेला गेले आणि गल्लीतल्यांना तेथे यायला संकोच वाटतो. म्हणून माझे दहन करू नये. मला गोऱ्या कबरस्तानात पुरावे. समितीचा ठराव सोबत आहे.

वसंतला हे मी गेल्या दिवाळीत तोंडी सांगितले. "आत्या, आपल्यात दहन करतात," तो म्हणाला. "लोक विचारतील, आत्यांनी धर्म सोडला का?"

"सांग, धर्म जागच्या जागी आहे. आत्यांनी फक्त जागा धरली."

"आणि तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांची व्यवस्था केली, माझी व्यवस्था कोणी नीट करील की नाही असं वाटतं."

तो हसला नाही. पण नाही असेही म्हणाला नाही.

अंत्यविधी आपल्या पद्धतीने, जे मंत्र गुरुजींना पाठ असतील त्या मंत्रांनी करावा. गुरुजी आत यायला तयार नसतील तर फाटकाबाहेरून मोठ्याने म्हणावेत, माझी हरकत नाही. वसंतने तीन दिवसांच्या आत रजिस्टरात माझी नोंद स्वतःच्या हाताने मराठी, तेलुगू आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत करावी. तेलुगूसाठी यल्लय्यांच्या मुलीची मदत घ्यावी. ती शाळेत पहिली येते. वसंतने माझे दहन केले, किंवा नोंद केली नाही, तर घर त्याच दिवसापासून यल्लय्यांचे.

मला दगड मात्र हवा. साधा, शहाबादी, आणि त्यावर नावापेक्षा तारीख मोठी कोरावी, रस्त्यावरून वाचता येईल एवढी. जो कोणी साहेब टेप घेऊन फाटकाशी येईल, त्याने त्या तारखेत तीस मिळवावेत आणि परत जावे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि तो मला पसंत आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

(सही) सत्यवती केशवराव उमरीकर

साक्षीदार:
१. (सही) प्रतापराव माणिकराव कंधारकर, दप्तरदार, काचीगुडा
२. (सही) डॉ. दत्तात्रय विनायक परतूरकर, बरकतपुरा

ठिकाण: बरकतपुरा, हैदराबाद
दिनांक: २१ जानेवारी १९५९, बुधवार