खिडकीत ठेवलेला सेंट

झेन्सव्हिल, ओहायो
३ मार्च १९७४

ती. व्हर्ना आत्यास,
वेस्लीचा सा. न. वि. वि.

मी कॉलेज सोडल्याचं बाबांनी तुला कळवलं असेलच, वर चार शिव्याही घातल्या असतील. इथे हार्डवेअरच्या दुकानात लागलोय. मजेत आहे. खरी बातमी वेगळीच आहे. तुझ्या नाण्यांच्या अल्बममधली शेवटची खाच भरणार! अठराशे सत्तावन्नचा सेंट मिळाला. तोच तो, तांब्याच्या मोठ्या सेंटचं शेवटचं साल, ज्याच्यासाठी तू वर्षानुवर्षं थांबली आहेस.

चर्चच्या तळघरात रविवारी नाण्यांचा बाजार भरतो. तिथे कोरिन तिच्या आजोबांच्या टेबलापाशी बसते. मी पहिल्याच दिवशी एका नाण्याच्या तोंडावर अंगठा ठेवला, तेव्हा तांबं कडेनंच धरायचं असतं, एवढंही कळत नाही का, असं तिनं चारचौघांत सुनावलं. आत्या, मी तिथेच संपलो. हसू नकोस. सेंट तिला दाखवीन आणि त्याच दमात लग्नाचं विचारीन.

फक्त नाणं अगदी काळपट आहे, उरलेल्या कॉफीसारखं. असं कुणाला दाखवायचं? दुकानात नळ चमकवायचं पॉलिश आहे. रविवारपर्यंत बघ कसं लखलखतं ते.

तुझ्या लाडावर हक्क सांगणारा,
वेस्ली

मॅरिएटा
६ मार्च

चि. वेस्लीस अनेक आशीर्वाद.

पॉलिशची डबी खाली ठेव. आत्ताच्या आत्ता. बाकीचं मागाहून लिहिते. टपालवाला दारात उभा आहे आणि माझ्या तोंडाकडे बघून घाबरलाय.

तुझी आत्या

झेन्सव्हिल
११ मार्च

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र आज आलं. बाजार काल होता.

नाणं गुलाबी झालं गं. नुकत्याच जन्मलेल्या डुकराच्या पिलासारखं. मी ऐटीत कोरिनपुढे ठेवलं आणि लग्नाचंही विचारून टाकलं. आजोबांनी चष्मा चढवला, काढला आणि पेटीचं झाकण लावलं.  कोरिन म्हणाली, तो रंग यायला शंभरावर वर्षं लागली होती, तुला एक संध्याकाळ दम निघाला नाही. आणि लग्नाचं तसंच सोडून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी तसाच नदीवर गेलो. सेंट मस्किंगममध्ये भिरकावणारच होतो, पण तो तुझा आहे, म्हणून हात थांबला. तू सांग, फेकू?

हताश,
वेस्ली

मॅरिएटा
१४ मार्च

चि. वेस्लीस आशीर्वाद.

फेकलास तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. लग्नाच्या पहिल्या वर्षी तुझ्या आतोबांनी माझे ओंजळभर सेंट असेच घासले होते, मला खूश करायला. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. ते सेंट आता पुन्हा तपकिरी झालेत. पहिल्यासारखे नाहीत, पण डोळ्यांना गोड वाटतात.

तेव्हा ऐक. नाणं खिडकीत ठेव, उजेड-वारा लागेल असं. रोज उचलून बघू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आणि त्या मुलीपुढे पुन्हा प्रश्न घेऊन उभा राहू नकोस. नुसती माफी माग आणि सरळ आपल्या घरी परत जा. कॉलेजचं मी विचारत नाही. तुझे बाबा दोघांच्या वाटचं विचारतात.

अल्बमची खाच मी मोकळी ठेवते. जेवत जा.

आत्या

झेन्सव्हिल
१८ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. माफी मागितली, नाणं खिडकीत ठेवलंय एवढं सांगितलं आणि खरोखर घरी आलो, एक शब्द जास्त बोललो नाही. बाजारात नुसता राम राम करत राहिलो. जूनमध्ये कोरिन अचानक दारात. म्हणे, तू नाण्याला हात लावतोयस का, ते बघायला आले. उंबरठ्यावरूनच बघून गेली. पुढच्या रविवारी पुन्हा आली, उंटाच्या केसांचा ब्रश घेऊन, धूळ झटकायला. आता नाण्यावरच्या बाईच्या, लिबर्टीच्या, गालावर गव्हाळ झाक आलीय. ती मलाही दिसते, तिनं दाखवल्यापासून.

पुरता रंग यायला किती दिवस लागतील, असं मी काल विचारलं. दिवस नाही, वर्षं, ती म्हणाली, आणि तुझ्या भरवशावर ते सोडता यायचं नाही. मग स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून तिनं खिडकीपाशी ठेवली. जाताना ती परत जागेवर ठेवली नाही. मीही हलवलेली नाही.

तुझी खाच आणखी बरीच वर्षं रिकामी राहील, आत्या. चालेल ना?

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
वेस्ली