डी. एस. पाटील

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा वाचवलं तिले! एकेचाळीस भागांत सहाव्यांदा. माझी चांदणी — गावकुसाबाहेरची, अनाथ, उपाशी, तरी गोरीपान — विहिरीत पडते, आगीत सापडते, जंगलात हरवते, अन् दरवेळी युवराज घोड्यावर हजर. याले दुसरा कामधंदा नाई. राज्य कोण चालवते मंग? अ‍ॅपवर बाया भाजी चिरता चिरता हे ऐकतात अन् रडतात. मी लिहिता लिहिता जांभया देते.

दिवसभर 'हे प्रिये' लिहून बोटं आंबतात. इथं तरी आपल्या भाषेत लिहीन.

५ फेब्रुवारी, बुधवार

करिष्माचा फोन. पुण्यात बसून माझे भाग तपासते ती. म्हणे, "पन्नासाव्या भागात चांदणी खरी राजकन्या निघू दे. लहानपणी पळवलेली. लोकांना ते आवडतं."

म्हटलं, मग यानं वाचवलं कोणाले? आपल्याच भाऊबंदातल्या पोरीले?

"उन्नती, तू फार विचार करतेस बाई."

पाहते म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्वानंदनं घरी आमच्याबद्दल सांगितलं. चार वर्षांनी! पुढच्या रविवारी त्याचे आईवडील आमच्याकडे हुडकेश्वरले मले पाहायले येणार. आई दवाखान्यातून ड्यूटी करून आली, तिले दारातच सांगितलं. चप्पल काढता काढता म्हणे, "आपण बौद्ध, हे ठाऊक हाय ना त्याइले?"

"ठाऊक असल्याशिवाय येतीन का वं आई?"

आवडते मले तो. इथं कोणी वाचत नाई म्हणून लिहून टाकते — खूप आवडते.

१० फेब्रुवारी, सोमवार

धंतोलीत चहा प्यायले बोलावलं त्यानं. "एक छोटीशी गोष्ट होती."

छोटीशी! यानं घरी फक्त 'पाटील' सांगितलं. पाटील त्यांच्यातही आहेत, आमच्यातही. त्याच्या आईनं आपल्यातलीच समजून घेतली, अन् यानं समजू दिली. "खोटं कुठं बोललो मी? आडनाव पाटीलच आहे ना?" वा रे युवराज.

मंग यादी. हॉलमधली बुद्धाची मूर्ती चालते — आजकाल शोपीस म्हणून सगळेच ठेवतात. बाबासाहेबांचा फोटो तेवढा आतल्या खोलीत. "दोन तास, उन्नती. लग्न होऊ दे, मंग हळूहळू सांगू." बाबांचं नाव धम्मानंद, ते कोणत्या खोलीत ठेवू? त्याचाही इलाज काढून ठेवला होता — डी. एस. पाटील म्हणायचं.

अन् नाई केलं तं? "तू आईले ओळखत नाई. ती जहर घेईन."

चहा अर्धा टाकून आली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दोन तासच तं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घरी कोणी नव्हतं. स्टुलावर चढून फोटो उतरवून पाहिला. मागं भिंतीवर चौकोन — तेवढाच रंग ताजा. फोटो नसला तरी कोणालेही कळलं असतं. लगेच परत टांगला. तिरपा बसला, तीनदा सरळ केला. एवढी लाज मले आजवर कशाची वाटली नाई.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना सगळं सांगून टाकलं. बाबांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. रागावले नाईत. "कळमेश्वरच्या कारखान्यात एकतीस वर्षं हजेरीले धम्मानंद म्हणून उभा राहिलो, बेटा. आता डी. एस. कसा होऊ?"

आईनं मात्र भाजी वाढता वाढता ऐकवलं, "त्याले म्हणा, घोड्यावर ये. तोंड लपवायले शेला बांधून ये."

स्वानंदले कळवलं — फोटो तिथंच राहीन, नाव पूर्ण सांगू, यायचं तं या. निळ्या खुणा तेवढ्या आल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

त्याचा मेसेज. "उद्याचं राहू दे. आईची तब्येत बरी नाई."

१६ फेब्रुवारी, रविवार

आईनं तरीही पोहे केले, वर टाकायले झणझणीत तर्री केली. तिघांनीच खाल्ले. दुपारी मी रडली. मंग करिष्माले लिहिलं — चांदणी राजकन्या निघणार नाई. तिचं उत्तर पाच मिनिटांत: उरलेले भाग दुसरी लिहील. लिहू दे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अनोळखी नंबर. स्वानंदची आई, इंदुताई. तब्येत ठणठणीत. "रविवारी आम्ही तयार होऊन बसलो होतो, बेटा. तो म्हणे, तूच नाई म्हटलं. काहून?"

मी सगळं सांगितलं. जात, फोटो, डी. एस., जहर — काही ठेवलं नाई.

इंदुताई म्हणे, "तुमचं दोघाइचं अन् तुम्ही बौद्ध हे, दोन्ही मले दोन वर्षांपासून ठाऊक हाय. नागपुरात असं लपते का? त्याच्या तोंडून ऐकायचं होतं फक्त."

म्हणजे लाज त्याच्या आईले नव्हती. त्याले होती.